अण्णांचा उजवा पाय

आमच्या शेजारचे अण्णा जिथं बसतील तिथं त्यांच्या उजव्या पायाखाली ब्रेक असतो. दिसत नाही, पण असतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी आमटीची बादली घेऊन जरा जोरात आला की टेबलाखाली अण्णांचा पाय दाबला जातो. टीव्हीवर कुणी मोटारसायकल घेऊन कड्याच्या दिशेनं निघाला की अण्णांची सपात फरशीवर कचकन घासते. एकदा एका शोकसभेत वक्ते ‘शेवटी एवढंच सांगतो’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तेव्हा अण्णांनी सतरंजीवर पाय असा रोवला की पुढचा माणूस दचकून मागं वळला.

याला कारण आहे. अण्णांनी साताऱ्यात उभा जन्म मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. गाडी चालवायची शिकणाऱ्यानं, आणि अण्णांनी डावीकडच्या सीटवर बसायचं. तिथं त्यांच्यासाठी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक बसवलेला. समोरून म्हैस आली, शिकणाऱ्यानं डोळे मिटले, की अण्णांचा पाय काम करायचा. निम्म्या साताऱ्याला गाडी अण्णांनी शिकवली, असं ते स्वतः सांगतात. उरलेल्या निम्म्याला त्यांच्या पायानं वाचवलं, असं मी सांगतो. मीही त्यांच्याकडंच शिकलो. पहिल्या दिवशी मी गाडी सुरू करून त्यांना नम्रपणे विचारलं, “अण्णा, कुठं जायचं?” ते म्हणाले, “सर, तुमी नुसतं सरळ जावा. कुठं जायाचं ते माझा पाय ठरवंल.”

माणूस मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. तरुणपणी साताऱ्याला आला तो इथलाच झाला, पण बोलणं तिकडचंच राहिलं. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांना गाडीच्या भाषेत कळतात. ज्याचं काही ठरत नाही तो माणूस ‘हाफ क्लचवर’ असतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं लग्न वर्षभर हाफ क्लचवर होतं. पाऊस लांबला की तो हाफ क्लचवर. मी एकदा नोकरी सोडू की नको म्हणून त्यांच्याकडं गेलो, तर म्हणाले, “सर, एक तर गेर टाका, न्हाईतर न्यूटल करा. हाफ क्लचवर ठिवली की पलेट जळती, आन् जळका वास पयल्यांदा घरच्यांस्नी येतो.” मी नोकरीतच राहिलो. शाळेत अजून चित्रकला शिकवतो.

अण्णांची बायको, आमच्या काकू, वारल्यावर अण्णांनी स्कूल बंद केलं. एकुलती मुलगी सुनंदा लग्न होऊन फलटणला गेली. घरात अण्णा आणि दारात ती स्कूलची पांढरी छोटी गाडी, एवढंच उरलं. बॉनेटवरचं लाल ‘एल’ अक्षर खरवडून काढलं होतं, तरी उन्हात ते पुसट दिसायचं. डावीकडची पेडलं मात्र अण्णांनी काढली नव्हती. याच गाडीतून ते मंडईला जात, दूध आणत, गॅसची टाकी आणत.

तर एका सकाळी अण्णा आमच्याकडं आले आणि चहा घेता घेता म्हणाले, “सर, ट्रॅकवर जायाचं म्हंतोय.”

“उत्तम,” मी म्हणालो. “रोज सकाळी चालायलाच हवं या वयात.”

“चालायला न्हाई. गाडी घिऊन.”

मला काही उमगेना. मग त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाठवला होता. जतच्या पलीकडं माळावर कुणा हौशी माणसानं वळणावळणाचा गुळगुळीत रस्ता बांधला होता. ठरलेल्या दिवशी तिथं साधी माणसं आपापली रोजची गाडी घेऊन जातात आणि मनसोक्त पळवतात. शर्यत नसते, नंबर नसतो. समोरून कुणी येत नाही, मधे कुणी आडवं येत नाही, आणि शिकवायला शेजारी जाणकार माणूस बसतो. अण्णांनी नावही देऊन टाकलं होतं.

“अण्णा, वयाचं काही बघतात का नाही?” माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“बघत्यात की वैनी. अठरा पुरी पायजेत. माझी झाल्यात.”

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. पहिला नियम असा होता की गाडीत सुटी वस्तू ठेवायची नाही. जोरात ब्रेक लागला की पाण्याची बाटलीसुद्धा डोक्यात बसते. अण्णांनी गाडी रिकामी करायला घेतली आणि गल्ली बघायला जमली. छत्र्या निघाल्या, काकूंची पानाची डबी निघाली, वाळून खडखडीत झालेलं आलं निघालं आणि कुण्या विद्यार्थिनीची एका पायातली चप्पल निघाली. “ही बाई पयल्याच दिवशी गाडीतनं उतरून पळाली व्हती,” अण्णा आठवून म्हणाले, “परत आलीच न्हाई.”

शेवटी डॅशबोर्डवरचा गणपती राहिला. तो पक्का चिकटवलेला होता. अण्णा बराच वेळ त्याच्याकडं बघत उभे राहिले. “हलत न्हाई खरा. पण ब्रेक मारल्यावर सुटला आन् काचंवर आपाटला, तर पाप कुनाचं?” म्हणून त्यांनी गणपती हळूच सोडवला आणि आमच्या देवघरात पाहुणा म्हणून आणून ठेवला. बायकोनं त्या आठवड्यात दोनदा मोदक केले. त्यामुळं या सगळ्या प्रकरणाला माझा विरोध बराच मावळला.

मग गाडीची पाळी. ब्रेक ऑईल जुनं झालं की तापल्यावर उकळतं आणि पेडल मऊ पडतं, म्हणून ते नवीन भरलं. ब्रेकची पॅडं बदलली. टायर चांगले होते, तरी अण्णा रोज त्यांच्यावरून हात फिरवायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. चाकाचे नट घट्ट करायला त्यांनी मिस्त्रीकडून एक खास पाना मागून आणला. हवा तेवढा जोर बसला की तो ‘कट्’ असा आवाज करतो. त्याच्यापुढं आवळायचं नाही. अण्णांना तो पाना फार आवडला. “सर, मानसास्नी आसा आवाज आसता तर लय भांडणं वाचली आसती,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

गाडी तयार झाली, पण माणूस व्हायचा होता. डोक्यावर हेल्मेट घालून मान धरून ठेवायची सवय हवी, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. झालं. अण्णा हेल्मेट घालून भाजी निवडायला लागले. हेल्मेट घालून मंडईत पायी गेले. भाजीवालीनं घाबरून विचारलं, “आवं अण्णा, गाडी कुटं पडली?” पायाला पेडल कळावं म्हणून पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट आले. पाणी भरपूर प्यायचं म्हणून तांब्या कायम हातात. आणि गाडी चालवताना नजर नाकासमोर न ठेवता पार लांबच्या वळणावर ठेवायची, याचा सराव ते चालताना करायचे. गल्लीच्या टोकाकडं बघत हेल्मेट घालून निघायचे, आणि आमच्या फाटकाच्या डाव्या बाजूची कुंडी पाडायचे. परत लावली की परत पाडायचे. आम्ही तो हेल्मेटचा दोष समजलो.

मी त्यांच्याबरोबर जायचं आणि वाटेत गाडी चालवायचं कबूल केलं. आदल्या दिवशी आम्ही सांगलीला माझ्या बहिणीकडं मुक्काम केला. बहिणीनं कौतुकानं भडंगाची परात पुढं ठेवली. अण्णांनी हात जोडले. “ताई, उद्या रातच्याला परात रिकामी करतो. आज नगं. हेल्मेट घातल्यावर ठसका लागला तर त्वांड कुटं उघडू?” ते दहीभात खाऊन दिवेलागणीलाच झोपले. माझे मेहुणे मला हळूच म्हणाले, “गृहस्थ परीक्षेला आल्यासारखे वाटतात.” मी हसलो. त्यांचं म्हणणं किती खरं आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी निघालो. मिरज मागं पडलं, द्राक्षाच्या बागा विरळ झाल्या, मग माळ लागला. रस्त्याला पाण्याचे टँकर आणि मेंढरं. ट्रॅकवर पोचलो तर पोराटोरांच्या रंगीबेरंगी गाड्या आधीच रांगेला लागलेल्या. त्यांच्यामध्ये आमची पांढरी गाडी म्हणजे वरातीत पोस्टमन. गाडी तपासणाऱ्या मुलानं बॉनेट उघडलं, चाकं हलवून बघितली, ब्रेक बघितला आणि म्हणाला, “काका, एक नंबर तयारी.” मग त्यानं डावीकडचं दार उघडलं आणि तो तिथंच वाकून राहिला.

“हे काय?”

“माझा ब्रेक,” अण्णा म्हणाले.

ही बातमी सगळीकडं पसरली. शिकवायला आलेल्यांत रेवती नावाची बेळगावकडची मुलगी होती. ती धावतच आली. “ही गाडी माझी!” ती म्हणाली. “काका, आजवर मी लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसत आलेय. पहिल्यांदाच माझ्या पायाखाली काहीतरी आहे!”

अण्णा उजवीकडं बसले आणि ती डावीकडं. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना कुणीतरी शिकवत होतं. मी तारेच्या कुंपणाला टेकून उभा राहिलो. पहिला फेरा सावकाश झाला. मग हळूहळू गाडी सुटायला लागली. खरं सांगायचं तर वेग काही फार नव्हता. आमच्याकडची माणसं कोंबून नेणारी वडापची जीपसुद्धा त्याहून जोरात जाते. पण वळणावर गाडी अशी अलगद वळायची की बघत राहावं. शेजारी उभा असलेला एक दाढीवाला पोरगा म्हणाला, “कोण आहेत हो ते? हात बघा किती शांत आहेत.” मला उगाचच अभिमान वाटला.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूला कुंपणाच्या फटीतून मेंढरं आत शिरली. वळणाच्या डाव्या हाताला उभा असलेला माणूस पिवळा झेंडा जोरजोरात हलवायला लागला. पुढच्या गाड्या सावकाश झाल्या. आमची पांढरी गाडी झाली नाही. ती त्याच वेगानं वळणात शिरली. मग एकदम तिचं नाक खाली दबलं, टायर ओरडले आणि ती सरळ रेषेत उभी राहिली. मेंढरं तिच्या पुढून रमतगमत पार झाली. मागून घोंगडीवाला धनगर आला आणि अण्णांकडं हात करून “निधान री, निधान!” असं कानडीत ओरडला. सावकाश जा म्हणून.

कुणाला काही झालं नाही. गाडी सावकाश बाहेर आली. अण्णा उतरले, त्यांनी हेल्मेट काढलं आणि लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले. मी पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

“ब्रेक तिनं मारला,” ते म्हणाले. “मी न्हाई.”

“अहो, त्यासाठीच तर ती होती.”

“सर, तुमास्नी ठावं न्हाई.” त्यांचा आवाज खाली आला होता. “मागल्या म्हयन्यात पवई नाक्यावर माज्या गाडीचा धक्का लागून एक दूधवाला पडला. लागलं न्हाई त्याला काय. दूध सांडलं, त्यानं दोन शिव्या दिल्या, गेला. पन माजा पाय उशिरा गेला व्हता, सर. आरं, उभ्या जिंदगानीत ह्यो पाय कवा उशिरा गेला न्हाई. माजा बा म्हातारपनी आसाच झाला. आदी हात चुकला, मग वाट चुकली, मग मी कोन त्येबी चुकला. मला वाटलं, आपलीबी येळ आली.”

मी पाणी तसंच हातात धरून त्यांच्या शेजारी बसलो.

“सुनंदाला कुनीतरी सांगितलं. तिला दिस गेल्यात, ठावं हाय नव्हं तुमाला? बाळातपनाला आनायची हाय. पयलं बाळातपन म्हायेरात. त्याच आठवड्यात तिचा फोन आला. म्हनली, अण्णा, तुमी येऊ नगा, हे भाड्याची गाडी करत्यात. पोरीचं बराबर हाय. पोटात जीव हाय तिच्या. पन मला बघायचं व्हतं. रस्त्यावर बघू कसं? तितं मानसं आसत्यात. हितं कुनी न्हाई, म्हनून आलो. पाय नीट आसला तर आनीन, न्हाईतर किल्ली तुमच्या हातात दीन, आसं ठरवून आलो. बघितलं न्हवं? घ्या.” आणि त्यांनी खिशातून किल्ली काढून खरोखरच माझ्यापुढं धरली.

ही हौस नव्हती तर. इतके दिवस आम्ही सगळे हसत होतो आणि हा माणूस स्वतःला तपासायला निघाला होता.

रेवती केव्हा येऊन उभी राहिली होती, आम्हाला कळलं नव्हतं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती अण्णांच्या समोर खाली बसली.

“काका, झेंडा दिसला होता का?”

“कुटला झेंडा?”

“पिवळा. डावीकडं.”

“न्हाई बा.”

“मेंढरं?”

“गाडी थांबल्यावर दिसली.”

तिनं अण्णांचा उजवा डोळा आपल्या तळव्यानं झाकला आणि दुसरा हात त्यांच्या पुढं धरला. “किती बोटं?”

अण्णा बघत राहिले. “धुकं हाय,” ते म्हणाले.

“भर उन्हात?”

आता तिनं डावा डोळा झाकला. “तीन,” अण्णा ताबडतोब म्हणाले. “आन् तुज्या करंगळीला शाई लागलीया.”

रेवती हसायला लागली. “काका, माझ्या आजोबांचं असंच होतं. मोतीबिंदू असणार. तुमचा पाय एकदम छान आहे. जे दिसलं त्याला तुम्ही प्रत्येक वेळी माझ्याआधी ब्रेक लावलाय. जे दिसलंच नाही त्याला पाय काय करणार?”

अण्णांना हे आत उतरायला वेळ लागला. त्यांनी पुन्हा स्वतःच्या हातानं एक डोळा झाकला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तो दूधवाला डावीकडूनच आला होता, हे त्यांना आठवलं. आमची कुंडीसुद्धा डावीकडचीच.

“म्हंजी डोकं न्हाई गेलं?”

“डोकं जागेवर आहे.”

“आन् पाय?”

“पायसुद्धा.”

“नुसता डोळाच फुकाट गेला व्हय!” अण्णा म्हणाले आणि इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडची पोरं बघायला लागली. डोळा अधू झाल्याचं कळून एवढा आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. ते पाणी मग मीच पिऊन टाकलं.

त्या दिवशी अण्णांनी पुन्हा गाडी हातात घेतली नाही. आम्हीही घेऊ दिली नसती. पण एवढी तयारी वाया जाऊ नये म्हणून रेवतीनं त्यांना शेजारी बसवून एक फेरा मारायचं ठरवलं. गाडी पहिल्या वळणावर गचका खाऊन थांबली. दुसऱ्यावर पुन्हा थांबली. कुंपणापर्यंत तिचा आवाज ऐकू आला, “काका, पाय वर घ्या!” त्यापुढं अण्णा सीटवर मांडी घालून बसले. हेल्मेट, पट्टा आणि मांडी, अशी त्यांची मूर्ती सबंध ट्रॅकभर फिरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

परततानाही गाडी मीच चालवली. सांगलीत बहिणीच्या घरी अण्णांनी कबूल केल्याप्रमाणं भडंगाची परात रिकामी केली.

मिरजेच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच सांगितला. ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर अण्णा बराच वेळ भिंतीकडं बघत बसले आणि म्हणाले, “भित्ताड पांढरं हाय व्हय? मला पिवळं वाटत व्हतं.” डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, त्याच दिवशी त्यांनी फलटणला फोन केला. सुनंदानं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “या.” फोन ठेवल्यावर अण्णा आमच्या घरी आले आणि दारात उभे राहून बायकोला विचारायला लागले, “वैनी, पोटुशी बाई काय खाती? मला गाडीइंजनाचं समदं कळतं, ह्यातलं काय म्हंजी कायच कळत न्हाई.” बायकोनं त्यांना बसवून सगळं नीट सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, पण डोळे भांबावलेले होते.

सुनंदाला आणायला मी त्यांच्याबरोबर गेलो. फलटणला ती उशा घेऊन मागं बसली. जावईबापू खिडकीशी वाकून “सावकाश हं,” असं तीनतीनदा म्हणाले. अण्णांनी गाडी अशी आणली की मांडीवर भरला पेला ठेवला असता तरी सांडला नसता. तरी आदर्कीच्या घाटात तिला मळमळायला लागलं. अण्णांनी गाडी कडेला घेतली, तशी ती उतरून वाकली.

मी उतरून पाण्याची बाटली शोधेपर्यंत अण्णा तिच्याजवळ पोचले होते. एक तळवा तिच्या कपाळाला लावून त्यांनी डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं पाठ चोळत राहिले. ओकारी थांबली तरी त्यांनी कपाळावरचा हात काढला नाही. तिनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि तशीच वाकून राहिली.

“आई असंच धरायची,” ती म्हणाली.

“व्हय,” अण्णा म्हणाले. “मी बघितलेलं हाय.”

सुनंदानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तोंड फिरवून दरीकडं बघायला लागलो. जरा वेळानं वळून पाहिलं तर ती गाडीत जाऊन बसली होती, आणि चाकाला काहीही झालेलं नसताना अण्णा खाली वाकून मागचं चाक बघत होते. बराच वेळ बघत होते.